कंपनीचं मुक्काम-पोस्ट

घरात बाळ यायचं असलं की नावावरून केवढी चर्चा होते! आजीला देवाचं नाव हवं असतं, आईला दोन अक्षरी हवं असतं, आणि अमेरिकेत शाळेतल्या बाईंना ते उच्चारता येईल ना, ही काळजी सगळ्यांनाच असते. कंपनी काढतानाही अगदी तस्संच होतं. प्लेनोतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आमच्या छोट्याशा कंपनीचं बारसं झालं, तेव्हा नाव ठरायला तीन आठवडे लागले. दोन नावं आधीच कुणीतरी घेतली होती, एक आम्हाला आवडलं पण मुलांनी नाक मुरडलं. शेवटी एकदाचं नाव पक्कं झालं, फॉर्म पुढे सरकला आणि 'रजिस्टर्ड ऑफिस' असा रकाना आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि घरचा पत्ता लिहून टाकला. नावाला तीन आठवडे, पत्त्याला तीन मिनिटं.

ह्या तीन मिनिटांची किंमत पुढे आम्हाला चांगलीच कळली. आपल्या मंडळात हल्ली बरीच मंडळी नोकरी सांभाळून, किंवा नोकरीला कंटाळून, स्वतःची कंपनी काढताहेत. कुणी डेंटिस्टांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर बसवतं (ते आम्ही!), कुणी सल्लागार आहे, कुणी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतं. त्या सगळ्यांसाठी हा लेखनप्रपंच. आम्ही वकील नाही. ठेच लागलेली माणसं आहोत, एवढंच.

मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं

लहानपणी पत्रावर पत्ता लिहिताना आपण 'मु. पो.' लिहायचो, ते आठवतं? मुक्काम आणि पोस्ट. मुक्काम म्हणजे माणूस जिथे राहतो ते गाव, आणि पोस्ट म्हणजे त्याची पत्रं जिथे येतात ते गाव. वाडीत पोस्ट नसेल तर मुक्काम एक, पोस्ट दुसरं. आणि शहरात शिकायला गेलेला मुलगा काकांकडे उतरला असेल, तर त्याच्या नावाखाली तिसरी गोष्ट यायची: 'द्वारा' अमुकअमुक. म्हणजे हा मुलगा तुम्हाला ओळखीचा नसेल, पण ह्या काकांना गाठलंत की तो सापडेल.

कंपनीच्या पत्त्याचा सगळा कायदा आमच्या मते ह्या तीन शब्दांत मावतो. आपण मात्र तिन्हींची खिचडी करतो.

टेक्सासमध्ये कंपनी नोंदवायची म्हणजे ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशन दाखल करायचं. एल.एल.सी.साठी २०५ नंबरचा फॉर्म, कॉर्पोरेशनसाठी २०१ नंबरचा. दोन्हींची फी तीनशे डॉलर्स. त्या फॉर्मात रजिस्टर्ड एजंट आणि रजिस्टर्ड ऑफिस असे दोन रकाने असतात, आणि गंमत अशी की कायदा एजंटाचं नाव आधी विचारतो, पत्ता नंतर. एजंट म्हणजे आपला 'द्वारा'. रजिस्टर्ड ऑफिस म्हणजे त्या 'द्वारा'चा मुक्काम.

ह्या मुक्कामाला कायद्याच्या अटी थोड्याच आहेत, पण स्पष्ट आहेत. तो टेक्सासमध्येच हवा. रस्त्याचं नाव आणि घर नंबर असलेला खराखुरा पत्ता हवा, पोस्टाची पेटी चालत नाही. नुसती टपाल किंवा टेलिफोन घेणारी जागा असेल तर तीही चालत नाही. तिथे तुमचा धंदा चालला पाहिजे अशी मात्र अजिबात सक्ती नाही. म्हणजे काम फ्रिस्कोत करा, माल ॲलनच्या गोदामात ठेवा, आणि रजिस्टर्ड ऑफिस प्लेनोत असू द्या, कुणाची हरकत नाही. अट एकच, की कोर्टाचा कागद घेऊन कुणी आलं तर एजंट तिथे हातोहात सापडला पाहिजे.

एजंट टेक्सासचा रहिवासी असलेली व्यक्ती असू शकते, किंवा इथे धंदा करायची परवानगी असलेली संस्था. कंपनी स्वतःच स्वतःची एजंट होऊ शकत नाही, पण मालक होऊ शकतो. आणि २०१० सालापासून आणखी एक अट आहे: ज्याचं नाव घालायचं त्याची आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक संमती घ्यावी लागते. त्यासाठी ४०१-ए असा फॉर्मही आहे. "अरे, तुझं नाव घातलंय हं" असं गणपतीच्या आरतीच्या वेळी सांगून भागत नाही.

आम्ही आमच्यातल्याच एकाचं नाव घातलं, घरचा पत्ता दिला आणि विसरून गेलो.

छपरवाला

आता आमची कथा. तीन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराशी आमचं वाजलं. त्याने पाठवलेला माल सदोष होता असं आमचं म्हणणं, आणि आम्ही तो परत केला त्याला फार उशीर झाला असं त्याचं. रक्कम तेवीस हजार डॉलर्सच्या वर. दोन-चार कडक ईमेल झाल्या आणि मग तिकडून एकदम सामसूम. आम्हाला वाटलं, प्रकरण मिटलं.

त्याच सुमाराला पुण्याहून आई आल्या होत्या. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, मुलं शाळेत, आई घरी एकट्या. त्या वसंतात गारपीट झाली होती. ज्यांनी उत्तर टेक्सासची गारपीट पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गारा थांबल्या की दुसऱ्या दिवसापासून छपरं दुरुस्त करणारे दारोदार फिरायला लागतात. आम्ही आईंना बजावून ठेवलं होतं, "दार वाजलं तरी उघडायचं नाही. आतून बोलायचंही नाही. घरात कुणी नाही असंच समजू दे."

आई शब्दाच्या पक्क्या. संध्याकाळी चहा घेताना सांगायच्या, "आज तो छपरवाला परत आला होता. हातात कागद होते. मी हूं की चूं केलं नाही." आम्ही म्हणायचो, "शाब्बास!"

तो छपरवाला नव्हता. कोर्टाचं समन्स घेऊन आलेला माणूस होता, म्हणजे आपल्याकडचा बेलिफ म्हणा ना. तो तीन वेळा आला. मागाहून वकिलाने कोर्टाच्या दप्तरातून त्याचं प्रतिज्ञापत्र काढून दाखवलं, त्यात तारीख-वार-वेळेसकट नोंद होती: दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, आतून टीव्हीचा आवाज येत होता. आईंची दुपारची मालिका अशी कॉलिन काउंटीच्या दप्तरी जमा झाली!

एजंट रजिस्टर्ड ऑफिसात वाजवी प्रयत्न करूनही सापडत नसेल, तर टेक्सासचा कायदा समोरच्या पक्षाला अडवून ठेवत नाही. अशा वेळी सेक्रेटरी ऑफ स्टेटच त्या कंपनीचा एजंट समजला जातो. समन्स ऑस्टिनला दिलं की ते कंपनीला बजावलं गेलं, असं धरतात. तिथून ते रजिस्टर पोस्टाने कंपनीच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर पाठवलं जातं खरं, पण उत्तर द्यायची मुदत ऑस्टिनला कागद पोचला त्या दिवसापासूनच धावायला लागते. कागद आपल्या हातात कधी पडला, ह्याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

आमच्याकडे ते पत्र आलं तेव्हाही सही करायला दार कोण उघडणार? पोस्टमन चिठ्ठी ठेवून गेला. ती चिठ्ठी पिझ्झाची कुपनं, छपरांच्या जाहिराती आणि "आपल्या नव्या कंपनीचं अभिनंदन, नव्वद डॉलर्स भरा" अशी सरकारी थाटाची खोटी पत्रं ह्यांच्या ढिगात आठवडाभर पडून राहिली. (कंपनी नोंदवलीत की ही खोटी पत्रं तुमच्याही घरी येणार. आधी पाठवणाऱ्याचं नाव नीट वाचा, मगच चेकबुक काढा.) एका बुधवारी रात्री ढीग उपसताना ती चिठ्ठी सापडली. गुरुवारी सकाळी पोस्टात जाऊन पाकीट सोडवलं, आणि तिथेच मोटारीत बसून उघडलं.

टेक्सासची मुदत मोजायची तऱ्हाही न्यारी आहे. समन्स बजावल्यापासून वीस दिवस मोजायचे, आणि ते संपल्यावर जो पहिला सोमवार येईल त्या सोमवारी सकाळी दहापर्यंत उत्तर दाखल करायचं. वकिलाने ऑस्टिनची तारीख पाहिली, बोटं मोजली आणि म्हणाला, "येता सोमवार." हातात जेमतेम दोन कामाचे दिवस. बरं, आपण स्वतः उठून मॅकिनीला ब्लूमडेल रोडवरच्या कोर्टात जावं आणि आपली बाजू मांडावी, तर तेही नाही. ह्या कोर्टात कंपनीला वकिलाशिवाय उभं राहता येत नाही. (वीस हजार डॉलर्सपर्यंतचे दावे जस्टिस कोर्टात चालतात, तिथे ही सक्ती नाही, पण तिथली मुदतही कमी, चौदाच दिवसांची.) शुक्रवारी दुपारी उत्तर दाखल झालं. पुढे दोन महिन्यांनी मधला आकडा ठरवून तडजोड झाली. दोघांचीही थोडी चूक होतीच.

पण तो ढीग आणखी एक आठवडा तसाच राहिला असता तर? समोरच्याने एकतर्फी निकाल मागितला असता, आणि तो मिळालाही असता. आमचं म्हणणं खरं की खोटं, हा प्रश्नच आला नसता. असे निकाल उलटवता येतात कधीकधी, पण ती वाट खर्चाची आणि बेभरवशाची. २००४ साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टासमोर कॅम्पस इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या कंपनीचं प्रकरण आलं होतं. त्या कंपनीने आपला नोंदलेला पत्ता अद्ययावत ठेवला नव्हता. ऑस्टिनहून पाठवलेलं टपाल न पोचता परत गेलं, कंपनीला दाव्याचा पत्ताच नाही, आणि तरीही एकतर्फी निकाल कायम राहिला. पत्ता नीट ठेवणं ही तुमची जबाबदारी, तो ठेवला नाहीत तर परिणाम तुमचे, असा त्याचा मथितार्थ.

हे सगळं आईंना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी काय करणार? तुम्हीच तर बजावलं होतंत." खरंच होतं. आम्ही सरकारला लिहून दिलं होतं की ह्या दारात आम्ही सापडू, आणि घरात सांगून ठेवलं होतं की ह्या दारात कुणी सापडता कामा नये.

मग पत्ता द्यायचा कुणाचा?

तेव्हापासून आम्ही ह्या विषयाचे वेडे झालो. पार्टीत कुणी नवी कंपनी काढल्याचं सांगितलं की आमचा पहिला प्रश्न, "पत्ता कुठला दिलास?" त्यातून जे पर्याय ऐकले ते असे.

*आपलं घर.* सगळ्यात स्वस्त, आणि बहुतेकांचा पहिला पर्याय. पण तीन गोष्टी पाहा. एक, कामाच्या दिवसांत दार उघडणारा आणि कागदाचं महत्त्व जाणणारा माणूस घरात असतो का? दोन, हा पत्ता जाहीर होतो. टेक्सासच्या कंट्रोलरच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की एजंटाचं नाव आणि रजिस्टर्ड ऑफिस कुणालाही फुकट दिसतं. रागावलेल्या गिऱ्हाइकालाही. तीन, भाड्याच्या अपार्टमेंटच्या करारात किंवा आपल्या वसाहतीच्या नियमांत घरून धंदा करण्यावर बंधन आहे का, हे वाचून घ्या. नुसता रजिस्टर्ड पत्ता असणं आणि दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या लागणं ह्यांत फरक आहे, पण शेजारी कुठे रेघ ओढेल ते सांगता येत नाही.

*पोस्टाची पेटी किंवा टपालाचं दुकान.* आधी सांगितल्याप्रमाणे रजिस्टर्ड ऑफिस म्हणून बाद. 'पोस्ट' म्हणून मात्र उत्तम. दुकानातली पेटी घेताना पोस्टखात्याचा १५८३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, ओळखपत्रं दाखवावी लागतात. पेटीपुढे रस्त्याचा पत्ता छापला म्हणून ती कचेरी होत नाही, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

*काचेच्या इमारतीतली भाड्याची पाटी.* लेगसीच्या बाजूला अशा सोयी पुष्कळ. महिन्याला थोडे पैसे भरले की झगमगीत पत्ता, समोर रिसेप्शनिस्ट, वर कॉफी. गिऱ्हाइकावर छाप पडते हे खरं. पण एजंट म्हणून तुमचं नाव आणि पत्ता तिथला असेल, तर तुम्ही तिथे महिन्यातून दोनदा जाता त्याचं काय? ती संस्था स्वतः एजंट व्हायला लेखी तयार असेल तरच हा पर्याय खरा. आणि करार संपला की पत्ताही संपला, हे वहीत लिहून ठेवा.

*आपला सी.पी.ए. किंवा वकील.* कामाच्या वेळेत कचेरी उघडी, आणि कागद ओळखणारी माणसं. काही जण आनंदाने तयार होतात, काही जण नको म्हणतात. विचारून पाहायला हरकत नाही. पण सी.पी.ए. बदललात तर एजंटही त्याच दिवशी बदला.

*ओळखीचे काका.* हा खास आपला मराठी पर्याय. आमच्या परिचयातले एक काका निवृत्त आहेत, दिवसभर घरी असतात, कुरिअरवाल्याशीही दहा मिनिटं गप्पा मारतात. आम्ही विचारल्यावर ते लगेच तयार झाले, मोबदल्याचं नाव काढू दिलं नाही. मग काकू आतून म्हणाल्या, "अहो, आणि डिसेंबर ते मार्च आपण कोथरूडला असतो ते?" तो विषय तिथेच संपला. संक्रांतीला काकू तिळगूळ वाटणार कोथरूडमध्ये आणि बेलिफ उभा राहणार प्लेनोत!

*पैसे घेऊन हेच काम करणारी संस्था.* वर्षाला साधारण शे-सव्वाशे डॉलर्स, कुठे कमी कुठे जास्त. संस्था एजंट असेल तर कामकाजाच्या वेळेत कागद घ्यायला तिचा माणूस रजिस्टर्ड ऑफिसात हजर असलाच पाहिजे, असं टेक्सासचा कायदा सांगतो. कागद आला की त्या तुम्हाला कळवतात. मात्र तुम्ही त्यांना दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवरच कळवतात. एजंटाचं कर्तव्य कागद घेऊन पुढे पाठवण्यापुरतं असतं. तुम्ही ईमेल उघडली नाहीत तर तो तुमच्या घरी येऊन दार वाजवत नाही.

*डेलावेअर.* दर पार्टीत एक जण तरी सांगतो, "कंपनी डेलावेअरलाच काढायची असते." विल्मिंग्टन गावात १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट अशी एक साधीशी इमारत आहे. २०१२ सालच्या बातमीनुसार २,८५,००० कंपन्यांचा कायदेशीर पत्ता तोच होता! बाहेरचं मोठं भांडवल उभं करायचं असेल तर डेलावेअरला अर्थ आहे. पण प्लेनोत बसून प्लेनोतल्याच दवाखान्यांना कॉम्प्युटर बसवायचे असतील, तर डेलावेअरची कंपनी टेक्सासमध्ये परकी म्हणून पुन्हा नोंदवावी लागते. तिची फी साडेसातशे डॉलर्स, आणि एजंट दोन्ही राज्यांत. एका 'द्वारा'चे दोन 'द्वारा' होतात.

मोठ्यांचंही असंच

पत्ता आणि काम वेगळं असणं ह्यात कमीपणा काही नाही. इन्फोसिसचंच पाहा. १९८१ साली पुण्यात सात जणांनी ती काढली, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. काम चालायचं मूर्तींच्या घरातल्या पुढच्या खोलीत, पण कंपनीचा नोंदणीकृत पत्ता होता एन. एस. राघवन ह्यांच्या घरचा. म्हणजे मुक्काम एकाकडे, 'द्वारा' दुसऱ्याकडे! १९८३ साली कंपनी बंगलोरला गेली, पुढचं आपण जाणतोच.

आपल्या भारतातला कायदा ह्या बाबतीत जास्त कडक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं बारावं कलम म्हणतं, की कंपनी स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत तिचं नोंदणीकृत कार्यालय असलं पाहिजे, आणि तिथे आलेले कागद घेऊन त्यांची पोच देता आली पाहिजे. दारावर नावाची पाटी हवी, आणि ती त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही हवी. त्यामुळे पुण्यातल्या कंपनीच्या पाटीवर देवनागरी असणं ही कायद्याचीच अपेक्षा आहे. २०१९ साली तर सरकारने कंपन्यांकडून कार्यालयाचे फोटो मागवले, इमारतीचा बाहेरून एक आणि आत संचालक बसलेला दिसेल असा एक. कारण उघड आहे, नुसत्या कागदावरच्या कंपन्या फार झाल्या होत्या. इंग्लंडमध्येही ४ मार्च २०२४ पासून पोस्टाची पेटी नोंदणीकृत पत्ता म्हणून चालेनाशी झाली.

आणि आपलं प्लेनो? इथे तर बड्या कंपन्या पत्ता बदलून राहायला येतात. जे. सी. पेनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कहून आली, टोयोटा २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सहून आली. इथल्या एका रस्त्याचं नावच मुळी हेडक्वार्टर्स ड्राइव्ह आहे. तिथून गाडीने जाताना आमच्या मनात आता एकच विचार येतो: ह्यांच्याकडे समन्स घ्यायला कोण बसत असेल?

घर बदलताना

एकदा दिलेला पत्ता कायमचा नसतो. घर विकून मुलांच्या शाळेसाठी दुसरीकडे जाणं आपल्याकडे नेहमीचंच. अशा वेळी वीज, पाणी, इंटरनेट बदलतो, कंपनीचा पत्ता मात्र जुन्या घरातच राहतो, आणि नव्या मालकाला तुमची कंपनी कोण हे माहीतही नसतं. म्हणून ही छोटी यादी.

सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे एजंट किंवा रजिस्टर्ड ऑफिस बदलायला ४०१ नंबरचा फॉर्म, नफ्यासाठीच्या कंपनीला फी पंधरा डॉलर्स. हे पंधरा डॉलर्स वाचवू नका. कंट्रोलरकडचा टपालाचा पत्ता वेगळा कळवावा लागतो. फ्रँचाइझ टॅक्स लागो न लागो, पब्लिक इन्फर्मेशन रिपोर्ट दरवर्षी १५ मेपर्यंत द्यायचा असतो, आणि तो चुकला तर कंपनीचे हक्क गोठवण्याची नोटीस त्याच पत्त्यावर येते. आय.आर.एस.ला ८८२२-बी हा फॉर्म. बँकेला कंपनीचा खराखुरा ठिकाणा लागतो, पेटी चालत नाही. एच-वन बीवर माणसं असतील तर त्यांच्या अर्जात लिहिलेलं कामाचं ठिकाण हा आणखी एक पत्ता, तो रजिस्टर्ड ऑफिसवरून ठरत नाही. २०२४ मध्ये कंपनीच्या मालकांचे घरचे पत्ते केंद्र सरकारला कळवण्याचा जो नवा नियम गाजला होता, त्यातून मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतच स्थापन झालेल्या कंपन्यांना वगळण्यात आलं, त्यामुळे ते एक ओझं तूर्त कमी आहे.

आणि ज्यांनी धंदा कंपनी न काढता आपल्याच एका वेगळ्या नावाने चालवला आहे, त्यांची नोंद ऑस्टिनला नसून काउंटी क्लार्ककडे असते. प्लेनोचा बहुतेक भाग कॉलिन काउंटीत, थोडा डेंटनमध्ये. आपलं घर कुठे पडतं ते आधी पाहा.

आम्ही काय केलं

शेवटी आम्ही तिन्ही शब्द वेगळे केले. मुक्काम म्हणजे काम, ते घरच्या मागच्या खोलीतच. पोस्टासाठी एक पेटी घेतली, तिची किल्ली दर शुक्रवारी फिरते. आणि 'द्वारा' म्हणून पगारी संस्था नेमली, तिच्या ईमेली आम्हा दोघांच्याही फोनवर येतात. वर्षाला सव्वाशे डॉलर्स. त्या गुरुवारी मोटारीत बसून पाकीट उघडताना हात जसे कापत होते, त्या मानाने हे स्वस्तच म्हणायचं. आता कुणी विचारलं, की पत्ता कुठला देऊ, तर आम्ही सांगतो, आधी माणूस ठरवा. सोमवार ते शुक्रवार दार उघडणारा, हातातला कागद वाचणारा, आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करणारा. तो जिथे बसतो, तोच तुमचा पत्ता.

परवा पुण्याला फोन केला तेव्हा आईंनी चौकशी केली, "कंपनी बरी चाललीय ना? आणि दाराचं काय केलंत?"

"माणूस नेमलाय, आई. कागद घ्यायला. वर्षाला सव्वाशे डॉलर्स."

पलीकडे हिशेब चालला असावा. मग आवाज आला, "दहा हजारांच्या वर झाले की रे! मी सहा महिने फुकट बसले होते. तुम्हीच उघडू दिलं नाहीत."